उघडा मिक्सर

तांदळे सर येताना दिसले की आमच्या शिरूरच्या बायका आधी मिक्सर, इस्त्री, घड्याळ उचलून आत ठेवतात. सर चोर नाहीत हो! शाळेत विज्ञान शिकवतात. पण पुस्तक उघडायच्या आधी वस्तू उघडतात. खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर, आणि पोरांना एकच सवाल, "हा स्क्रू इथंच कावून? वरी कावून न्हाई?" उत्तर येईपर्यंत तास सुटत नाही, मग घंटा होवो की हेडमास्तर येवोत.

मी त्यांची शेजारीण. माझीच मती फिरली, म्हणून ओट्यावर नाचणारा माझा मिक्सर त्यांना दाखवला. दुसऱ्या दिवशी तो वर्गात, नववीतल्या काजलच्या पुढ्यात. पोरगी हुशार. तिनं बूड खोललं, रबराचे पाय झिजलेले बघितले, नवे कशाचे करावेत याचा विचार सुरू केला, आणि तेवढ्यात आईबापांसोबत माजलगावकडं ऊसतोडीला गेली.

मिक्सर तसाच उघडा. सरांचा नियमच आहे, "ज्यानं खोललं, त्यानंच जोडायचं."

"अहो सर, ती आता गुढीपाडव्याला येणार! तोवर मी चटणी कशात वाटू?"

सरांनी स्वतःच्या घरचा पाटा-वरवंटा आणून दिला. वर म्हणतात कसे, "वहिनी, पाट्याचीबी रचना लई भारी हाय." असा संताप आला म्हणून सांगू!

एकदा दारावर दुरुस्तीवाला आला. मी त्याला तडक शाळेत नेलं. सरांनी मिक्सरवर हातच ठेवला.

"न्हाई वहिनी. मागल्या साली एक पोरगी अशीच गेलती. तिकडंच लगीन लावलं तिचं. काजलला मी सांगितलंय, तुझं काम अर्धं हाय. आता हे आपणच जोडलं, तर ती कशासाठी येईल?"

दुरुस्तीवाल्याला मीच वाटेला लावलं.

पाडवा आला तशा ऊसतोडीच्या टोळ्या परतू लागल्या. गाडी वाजली की सर फाटकात, मी ओसरीवर. शेवटी काजल आली, रापलेली, हाताला घट्टे पडलेली. मीही तिच्या मागोमाग वर्गात गेले. तिनं पिशवीतून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे गोल तुकडे काढले. "सर, तिकडं कारखान्याच्या तळावरच कापून ठेवलते."

तिनं पाय बसवले, बूड लावलं, बटण दाबलं. मिक्सर जागचा हलला नाही.

"ट्यूबच कावून?" सरांनी विचारलं खरं, पण आवाज चिरकला. डोळे पुसत म्हणाले, "मिरची गेली जरा."

भांडं तर रिकामंच फिरत होतं.