पाहुण्यांचं गार पाणी

प्रयोगशाळेचा फ्रिज उघडताच मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत पाण्याच्या बाटल्या खच्चून भरल्या होत्या आणि त्यांची काचेची बरणी गायब होती. कारखान्यांच्या सांडपाण्यातलं तेल खाणारे जिवाणू त्यांनी त्या बरणीत दोन वर्षं पोटच्या पोरासारखे वाढवले होते. राखीव म्हणून आणखी एक बरणी ठेवायला दुसरा फ्रिज मागून मागून त्यांच्या चपला झिजल्या होत्या.

"बरणी कुठंय?" त्यांनी शिपायाला विचारलं.

"मंत्रीसाहेब येतायत ना, त्यांना पाणी गार लागतं. संचालकसाहेबच म्हणाले, फ्रिज रिकामा कर."

"मी बरणी विचारतेय."

"स्टेजवर. फुलं ठेवलीत तिच्यात, बाटलीतलं पाणी घालून. आतलं घाण पाणी ओतून दिलं. विसळणारही होतो, पण नळाला पाणी कुठंय? सगळं आवार धुवायला गेलं."

म्हणजे तळाला चिकटलेला गाळ अजून जिवंत होता. मॅडम धावतच संचालकांकडे गेल्या. ते आरशासमोर टाय सारखा करत होते.

"संध्याकाळी घ्या बरणी," ते म्हणाले. "आज संशोधनाला पाठबळ द्यायचं धोरण जाहीर होतंय. जरा प्रसंग बघा."

"सर, त्या पाण्यात काही टाकलं नाही ना?"

"अजून नाही. आता सजावटवाला औषध घालेल. त्यानं जंतू मरतात, फुलं कशी टवटवीत..."

मॅडमनी पुढचं ऐकलंच नाही. गर्दीतून वाट काढत त्या स्टेजपाशी पोचल्या तोवर मंत्र्यांचं भाषण सुरू झालं होतं आणि सजावटवाला औषधाची बाटली उघडतच होता. "संशोधकांना काही कमी पडू देणार नाही," असं मंत्री म्हणत असतानाच त्या तरातरा स्टेजवर चढल्या, फुलं उपसून मंत्र्यांच्या हातात कोंबली आणि बरणी छातीशी धरली. फुलांचं पाणी मंत्र्यांच्या बुटांवर गळत होतं. लोकांना वाटलं, सत्कार आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बोला ताई," मंत्री खूश होऊन म्हणाले, "संशोधनाला काय हवंय?"

"कुलपाचा फ्रिज," मॅडम माइकवरच कडाडल्या. "आणि त्यात पाणी गार करणाऱ्याला तुरुंग."

पुन्हा टाळ्या झाल्या.

फ्रिज महिन्याभरात आला. महागाची वस्तू म्हणून तो संचालकांच्या खोलीत ठेवला गेला. किल्ली त्यांच्याच खिशात असते आणि पाहुण्यांना आता पाणी भलतंच गार मिळतं.

बरणी मॅडमच्या घरी आहे, फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी. सुरुवातीला सासूबाईंनी नाक मुरडलं होतं. आता घरी कुणी आलं की त्या फ्रिजला पाठ लावून उभ्या राहतात आणि म्हणतात, "पाणी साधंच मिळेल. प्यायचं तर प्या."