गुडघ्याएवढी गादी

गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता परळीतल्या एका गादीच्या दुकानात रंगनाथअप्पांनी मालकाला खुर्चीवर बसवलं आणि खिशातली टेप काढून जमिनीपासून त्याचा गुडघा मोजला.

"साडेअठरा," अप्पा म्हणाले. "पलंग तेरा इंची असंल तर तुला साडेपाच इंची गादी. लोकाला आठ इंची कावून विकतो बे?"

"लई मऊ हाय, अप्पा."

"मऊ हाय, पण बसलं की पाय हवेत. पलंग हाय का पाळणा?"

मी सोबत होतो. अप्पा माझे शेजारी, वीज केंद्रातून निवृत्त झालेले फिटर. पलंग आणि गादी मिळून उंची गुडघ्याएवढी, हा त्यांचा नियम. "इंच म्हंजे इंच" हे पालुपद. गल्लीत मत मागायला आलेल्या तरुण उमेदवाराला खुर्चीवर बसवून अप्पा त्याच्या पायाशी वाकले, तेव्हा "अहो, तुम्ही वडीलधारे" म्हणत तो उठला. अप्पांनी त्याला परत बसवलं. "हलू नका, आकडा चुकतो."

स्वतः ते सतरंजीवर झोपतात. बायको गेल्यापासून घरात एकटे.

त्या दिवशी घ्यायची गादी थोरल्या बहिणीसाठी होती. आक्कांचं आयुष्य ऊसतोडीत गेलं. आता जमिनीवर बसल्या की कुणीतरी उठवावं लागतं. सिरसाळ्यात त्याही एकट्याच. अप्पांनी आपल्याकडे राहायला चारदा बोलावलं, तेव्हा कबूल झाल्या. "येते. पण उठाया तुजा हात धरावा लागला, त्या दिशी मी माघारी."

माप मात्र देईनात. "मला कावून मोजतो रे रंग्या? मी काय कापड हाय?"

म्हणून आदल्याच दिवशी, सोमवारी सिरसाळ्याच्या स्टँडवर, आक्का बाकावर बसलेल्या असताना, अप्पा त्यांच्या पाया पडले आणि तिथेच हाताने माप घेतलं.

"पुरे की रे! किती येळ पाया पडतो?"

दोन वितींना एक बोट कमी. सतरा इंच. तेरा इंची पलंगावर चार इंची कापसाची गादी ठरली.

गादी शुक्रवारी आली, आक्का शनिवारी. पलंगावर बसल्या. टाचा टेकेनात. दोनदा जोर लावला, उठता आलं नाही. अप्पांनी हात पुढे केला. आक्कांनी तो धरला नाही, खिडकीचा गज धरून कशाबशा उठल्या आणि खुर्चीवर बसल्या.

"अडीचची गाडी हाय ना?" त्यांनी मला विचारलं.

अप्पा दाराशी गेले. आक्कांच्या चपला उचलून टेप लावली. तळ एक इंच जाड. स्टँडवर त्या पायात होत्या.

"चूक माझी हाय, आक्का. तुजे पाय बरोबर हायेत. दुपारपातूर थांब."

त्यांनी गादी अंगणात नेली, शिवण उसवली, इंचभराचा कापूस काढला आणि दाभण घेऊन टाके घालायला बसले. तीनदा बोटात टोचलं.

"पोतं शिवतो का रे?" आक्का खुर्चीवरून म्हणाल्या.

सव्वादोनला आक्का पलंगावर बसल्या. दोन्ही टाचा फरशीवर टेकल्या. हात न धरता उठल्या. बसल्या. पुन्हा उठल्या.

"ती टेप ठेव आता खिशात. च्या करते."

अडीचची गाडी वेळेवर सुटली. आक्कांनी तीन कप मागितले. ओट्यावर कप एकच होता. बाकीचे दोन अप्पांनी वरच्या फळीवरून काढले, धूळ पुसली आणि धुतले.