आजीचा तोल आणि घरची समिती

वय झालं की माणसाचा तोल जातो, आणि तो सावरण्याची जबाबदारी अशा नातेवाइकांवर येते ज्यांना खाली वाकून बघायला वेळ नसतो.

आजी स्वयंपाकघराच्या दारात दुसऱ्यांदा धडपडली, तेव्हा घरात रीतसर बैठक झाली. ठराव असा: नातवाला कडेवर घेण्याचा आजीचा अधिकार पुढील सूचनेपर्यंत स्थगित. (आजीचं मत नोंदवलं गेलं नाही, ती बैठकीसाठी चहा करत होती.)

मग उपाययोजना. पायपुसणी हद्दपार झाली, न्हाणीघरात कठडे बसले. मुलाने तिचा चष्मा बदलला, लेकीने कान तपासून आणले. जावयाने मेंदूविषयी मौलिक शंका काढली (तो पंखे विकतो). नव्वद टक्के सुधारणा पूर्ण झाल्या. उरलेले दहा टक्के बुटात होते.

तिथे अंगठ्याच्या बुडाशी हाड अर्ध्या लिंबाएवढं बाहेर आलं होतं आणि अंगठा शेजारच्या बोटावर रेलला होता. पाऊल पुढे रेटणारा गडीच आडवा झाल्यावर आजी पावलाच्या कडेवर चालायची, डुलत. त्यात ते निमुळते बूट! पण सुनेने घरात घालायला म्हणून हौसेने आणलेले. नको म्हटलं तर पोरीला काय वाटेल?

त्याच आठवड्यात नातवाला पहिले बूट घेतले. दुकानदाराने पुढचं टोक दाबून दाबून पाहिलं. "बोटांना जागा हवी, नाहीतर पोर पडेल." सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. आजीनेही.

संध्याकाळी रांगत आलेल्या नातवाने आजीचा बूट ओढून काढला आणि दुकानदारासारखं बोटाने दाबलं. नेमकं तिथेच.

"आई गं!"

समिती धावली. पहिल्यांदाच खाली वाकली.

"आई, हे कधीपासून?" सून म्हणाली.

"झाली की वर्षं."

"मग बोलायचं नाही का?"

"विचारलंत कुठे? चष्म्याचं विचारलंत, कानाचं विचारलंत. मी बापडी उत्तरं देत गेले."

पायाच्या डॉक्टरांनी व्यायाम दिले. सुनेने स्वतः टोक दाबून रुंद बूट आणले. हाड आहे तिथेच आहे, पण आजीचं पाऊल आता पुरतं टेकतं. अधिकार परत मिळाला. समितीने स्वतःचं अभिनंदन केलं.

हसलात? मग सांगा, तुमच्या आईच्या चपलेचा नंबर काय?

(फोनचा नाही विचारला. तोही तुम्हाला पाठ नाही.)