क्षेत्र विस्तारले आहे

कापडाचे तागे ट्रकमध्ये चढून झाले होते, ड्रायव्हर हिरामण गाडी चालू करून बसला होता, पण तुळशीरामशेठचा कॉम्प्युटर मालासोबत द्यायचं चलन छापत नव्हता. सन दोन हजार जवळ आलं होतं, म्हणून जैनबने स्वतःच लिहिलेला चलनाचा प्रोग्राम सुधारून आदल्या दिवशी तो सगळ्या लूमवाल्यांकडे घातला होता. मागे एकदा बदल तोंडी सांगितले, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या आणि नंतर आठवडाभर फोन केले. म्हणून यावेळी तिने पडद्यावरच लिहिलं होतं : ‘या आवृत्तीत तारखेचे क्षेत्र विस्तारले आहे. समजले का? हो असल्यास १, नाही असल्यास २ दाबा.’

तुळशीरामशेठनी दोन दाबलं. पुन्हा तोच मजकूर आला. त्यांनी पुन्हा दोन दाबलं आणि शेवटी जैनबला फोन लावला.

“कुणाचं क्षेत्र विस्तारलं? सर्वे नंबर कुठला?”

“शेठ, जमिनीचं नाही. तुम्ही एक दाबा, चलन छापेल.”

“एक म्हंजे समजलं. मला तर समजलं न्हाय.”

“तरी दाबा.”

“मग विचारतंय कशाला? सरळ विचारलंय तर सरळ सांगायला नको?”

तेवढ्यात शेठची बायको जानकीबाई आली. तिने मजकूर वाचला आणि शेजारच्या जागेची मोजणी कधी झाली, असं विचारलं. मग शेजारीही आला. त्याला तर हे क्षेत्र आपल्याकडून गेलं की काय, हेच आधी पाहायचं होतं.

बाहेर ट्रकमुळे गल्ली तुंबली आणि ती गर्दी धामणकर नाक्यापर्यंत पोचली. जैनब रिक्षाने निघाली होती, तीच त्यात अडकली. शेवटी ती उतरून चालत आली.

“शेठ, क्षेत्र म्हणजे तारखेचा रकाना. आधी वर्षाला दोनच आकडे होते. आता चार लिहायचे. नव्व्याण्णव नाही, एकोणीसशे नव्व्याण्णव. बस, एवढंच.”

“हां. मग असं लिहायचं ना पोरी.” तुळशीरामशेठनी समाधानाने एक दाबलं, चारही आकडे लिहिले आणि चलन निघालं. शेजारी जरा हिरमुसून घरी गेला.

ट्रक हलला आणि गल्ली मोकळी झाली, तसा समोरून दुसरा ट्रक परत आला. तो पलीकडच्या लूमवाल्या यूनुसभाईंचा होता. मागोमाग तेही आले.

“जैनब, जकात नाक्यावरून गाडी परत पाठवली. चलनावर सन शून्य शून्य नव्व्याण्णव छापलंय. तो कारकून विचारतो, एकोणीसशे वर्षं माल कुठे ठेवला होता?”

“तुम्ही सकाळी एक दाबलं होतं ना?”

“दाबलं ना. रोज कायतरी विचारतंय, कोण वाचतो?”

तुळशीरामशेठनी स्टूल पुढे ओढलं. “बसा यूनुसभाई. सोपं हाय, मी सांगतो.”

पुढच्या आवृत्तीत जैनबने प्रश्न काढून टाकला. साध्या शब्दांत बदल लिहिला आणि खाली, शेठना विचारूनच, एक ओळ टाकली : ‘न समजल्यास तुळशीरामशेठना फोन करावा.’

फोन बरेच आले. शेठ प्रत्येकाला निवांत समजावत, आणि ठेवण्याआधी विचारत, “नक्की समजलं, का उगाच हो म्हणतोस?”