काळी की निळी

आमच्या निकमने पाणी तापवायची साधी किटली घ्यायला अख्खा हिवाळा घालवला होता. त्याला दोन किटल्या पसंत पडल्या होत्या, हीच अडचण. तेवढे दिवस तो, त्याची बायको अश्विनी आणि येणारेजाणारे पाहुणे पातेल्यातला चहा पीत राहिले. मी एकदा वैतागून म्हटलं, अरे, चिठ्ठ्या टाक आणि घेऊन टाक एकदाची. त्यावर निकम शांतपणे चष्मा पुसत म्हणाला, "आल्झो, घाई कुणाला आहे?"

'आल्झो' म्हणजे जर्मनमध्ये 'तर मग', आणि हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. हॅनोव्हरजवळच्या एका गावात तो राहतो आणि गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. ब्रेकच्या कामात हा स्वभाव फार उपयोगी पडतो. संसारात त्याचं काय होतं ते अश्विनीला विचारा.

असा हा माणूस गेल्या हिवाळ्यात कँटीनमध्ये ताटातले उकडलेले बटाटे सोलता सोलता म्हणाला, की मी एक छर्‍याची बंदूक घेतोय. मी चाट पडलो. निकम अंडंसुद्धा खात नाही. घरात कोळी निघाला तर त्याला पोस्टकार्डावर घेऊन बाल्कनीत सोडून येतो, आणि बाहेर थंडी असली तर जिन्यात. या माणसाला बंदूक कशाला हवी? पण त्याने पुढे जे सांगितलं त्याने मी विरघळलो. तो म्हणाला, निवड करायला तू बरोबर हवास, तुझ्याशिवाय हे जमायचं नाही. आता माझी उंची पाच फूट दोन इंच आहे आणि ऑफिसात माझं मत सहसा कुणी विचारत नाही. मी लगेच हो म्हटलं.

दुकानदार जाडजूड मिशांचा आणि गंभीर होता. त्याने पहिला प्रश्न टाकला, शिकारीसाठी हवी की नेमबाजीसाठी? निकमने इंटरनेटवर सगळं वाचलं होतं. तिथे छर्‍याच्या आखूड बंदुकांचं कौतुक करणारे लोक ससे आणि उंदीर किती अंतरावरून पडतात याचीच चर्चा करत असत. निकम फोटोवर अंगठा ठेवून फक्त वजन आणि लांबी वाचायचा. दुकानदाराने समजावलं की जर्मनीत या बंदुकीने शिकार करायला परवानगीच नाही. शिकारीचा परवाना हवा तर मोठी परीक्षा असते, आणि बंदूकही वेगळी लागते. हे ऐकून निकमचा चेहरा असा खुलला, जणू ते सगळे ससे त्याच्या ओळखीचे होते.

शेवटी दोन बंदुका उरल्या. दोन उरल्या नाहीत तर तो निकम कसला. एक काळी, गडद लाकडी दस्त्याची. दर बारीला तिची नळी जोर लावून खाली वाकवायची, मग छर्रा घालायचा. दुसरी निळी, नळीखाली दाबलेल्या हवेचं नळकांडं असलेली. तिला नुसती एक छोटी खिट्टी ओढली की झालं, पण नळकांडं भरून आणायचं झेंगट मागे. दर शनिवारी आम्ही दुकानात जायचो. निकम मला स्टुलावर बसवायचा, आधी काळी हातात द्यायचा, मग निळी, आणि मी डोळा मिटून नेम धरला की माझ्या कोपराकडे बघत राहायचा. मीही काही कमी नव्हतो. तोल पुढे जातोय, दस्ता अंमळ जाड आहे, खांद्याला बसत नाही, असं काय वाटेल ते ठोकून द्यायचो. आयुष्यात गावच्या जत्रेत फुगे सोडून मी काही फोडलेलं नाही, आणि फुगेही पुष्कळसे वाचलेच होते.

मग मे महिन्यात निकमच्या सासूबाई कराडहून आल्या. सासूबाई येणार आणि जावई बंदूक बघतोय, यावर आमच्या मराठी मंडळींनी करायचे ते सगळे विनोद करून घेतले. निकम हसायचा आणि शनिवारी पुन्हा दुकानात.

सासूबाई, म्हणजे शिंदेबाई, कराडच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. यजमान गेल्यापासून दर उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे येत. अश्विनी कामासाठी सारखी फिरतीवर. बाई खिडकीशी खुर्ची ओढून बसत आणि समोरच्या बसस्टॉपकडे बघत राहत. मी जेवायला गेलो की चौकशी करत, पण उत्तर ऐकेपर्यंत त्यांचं लक्ष पुन्हा खिडकीत गेलेलं असे. गेल्या वर्षी त्या महिन्याभरातच तिकीट बदलून परत गेल्या होत्या.

यंदा तिसऱ्याच आठवड्यात एका शनिवारी निकम सकाळी माझ्या दारात उभा. दाढी केलेली नव्हती.

"चल लवकर," तो म्हणाला. "आईंनी तिकीट बदलायला सांगितलंय. आजच घेऊ."

त्याच्या तोंडून 'लवकर' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. दुकानात त्याने मला स्टुलावर बसवलं, काळीची नळी वाकवायला लावली, मग माझं मनगट धरून विचारलं, संधिवात असता तर तुला हे जमलं असतं का? मी म्हटलं, मला कुठे संधिवात आहे? तेव्हा कुठे उलगडा झाला, संधिवात होता तो सासूबाईंच्या मनगटांना. गेल्या उन्हाळ्यात गावातल्या नेमबाजी मंडळाची मिरवणूक त्यांच्या खिडकीखालून गेली होती. हिरवे कोट, छातीवर बिल्ले, पुढे बँड. दोन दिवस न बोललेल्या बाई एकदम मोठ्याने म्हणाल्या होत्या, की दुसऱ्या रांगेतल्या माणसाने बंदूक धरलीय की छत्री? मग कळलं, की बाई कॉलेजात एनसीसीच्या नेमबाज होत्या आणि पुढे वर्षानुवर्षं शाळेतल्या मुलींना त्यांनी नेमबाजी शिकवली होती. निकमने मंडळात जाऊन चौकशी केली. तिथे दर गुरुवारी दुपारी म्हातारी मंडळी जमतात, पाहुणे चालतात. वय झालेल्यांना बंदूक टेकूवर ठेवून, स्टुलावर बसून नेम धरायची रीतसर मुभा आहे. फक्त बंदूक हातात मावणारी हवी.

"तुझी आणि आईंची उंची सारखीच आहे," निकम म्हणाला. "हातसुद्धा."

इतके महिने मी स्वतःला जाणकार समजत होतो. मी होतो शिंप्याच्या दुकानातला पुतळा. मला रागच यायला हवा होता, पण निकम दोन्ही बंदुकांकडे इतक्या काकुळतीने बघत होता की जमला नाही.

"काळी त्यांच्या एनसीसीतल्या बंदुकीसारखी आहे," तो म्हणाला. "बघूनच खूश होतील. पण एकदा नळी वाकवता आली नाही, की पुन्हा हात लावणार नाहीत. ओळखतो मी त्यांना." मग म्हणाला, "माझी आई इथे एकदाच आली होती रे. अशीच खिडकीत बसून गेली. मला तेव्हा काही सुचलंच नाही. पुन्हा यायला ती राहिली नाही."

मी निळी उचलून त्याच्या हातात दिली.

गुरुवारी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेलो. बाईंना निकमने फक्त कॉफी प्यायला जायचंय एवढंच सांगितलं होतं. निळी पाहून त्या म्हणाल्या, "हे काय, खेळण्यातलं?" निकमचा चेहरा पडला. मग त्यांनी ती हातात घेतली, तोलून पाहिली, आणि पदर खोचून स्टुलावर बसल्या. पहिला छर्रा कागदाच्या कडेला लागला. दुसरा लागलाच नाही. निकम त्यांच्या मागे उभा राहून घामाघूम झाला होता. त्या मान न वळवता म्हणाल्या, "जावईबापू, मागे व्हा. तुमच्या श्वासाने माझा नेम हलतो." तो भिंतीला जाऊन टेकला. पुढचे छर्रे हळूहळू आत सरकू लागले, पण मधल्या काळ्या ठिपक्यापर्यंत काही पोचले नाहीत. बाईंना त्याचं फारसं वाटलेलं दिसलं नाही. त्यांचं लक्ष शेजारी गेलं होतं. तिथे हेल्गा नावाच्या पंचाहत्तरीच्या बाई नेम धरून बसल्या होत्या आणि त्यांचा कोपर हवेत लोंबत होता.

शिंदेबाईंना जर्मन येत नाही, हेल्गाबाईंना दुसरं काही येत नाही. शिंदेबाई उठल्या, हेल्गाबाईंचा कोपर धरून टेबलावर टेकवला, पाठीत एक हलकी थाप दिली आणि कराडच्या मैदानावरच्या आवाजात म्हणाल्या, "ताठ बसायचं." हेल्गाबाई ताठ बसल्या. भिंतीजवळची आणखी दोन म्हातारी माणसंही ताठ झाली.

कॉफीबरोबर केक झाला. बाईंनी दोन तुकडे खाल्ले. निघताना हेल्गाबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरून बरंच काही सांगितलं, आणि बाईंनी मराठीत तितकंच उत्तर दिलं.

गाडीत बसल्यावर बाईंनी पट्टा लावला आणि विचारलं, "तिकिटाचं काही केलंत का, जावईबापू?"

निकमने स्टिअरिंगकडे बघत सांगितलं की अजून नाही, आज रात्री करतो.

"नका करू," बाई म्हणाल्या. "त्या बाईंचा कोपर एका दिवसात नाही सुधारायचा. व्हिसा आहे तोवर बघते."

निकमला गाडी सुरू करायला जरा वेळ लागला. मी मागे बसलो होतो. मांडीवरची निळीची पेटी सांभाळत मी खिडकीबाहेर बघत राहिलो.