सोडियमला सोडियम चिकटलं त्याची गोष्ट

“शनिवारी मी अख्ख्या सभागृहासमोर मीठ बनवून दाखवणार आहे,” असं अणुबाईंनी शिक्षकखोलीत जाहीर केलं, तेव्हा चहा पिणाऱ्यांपैकी एकानेही मान वर केली नाही. अणुबाई हे मुलींनी ठेवलेलं नाव. त्या रसायनशास्त्र शिकवत आणि अणूंबद्दल असं बोलत, जणू सगळे त्यांच्या सख्ख्या नात्यातले.

एवढी हौस उगाच नव्हती. प्रयोगशाळा बंद करून तिथे जादा खुर्च्या रचायचा घाट मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, घातला होता. अणुबाईंचे तीन अर्ज ‘पाहिले’ एवढ्याच शेऱ्यानिशी परत आले होते. शनिवारच्या पालकसभेला संस्थेचे अध्यक्ष येणार होते. जे काही करायचं, ते त्यांच्यासमोरच करायचं, असं बाईंनी ठरवलं.

बेत झकास होता. मुलीच अणू होणार. सोडियम झालेल्या मुलीच्या हातात एक पिवळा चेंडू, म्हणजे बाहेरच्या कक्षेतला एकुलता एक इलेक्ट्रॉन. क्लोरीनच्या बाहेरच्या कक्षेत सात, आठवा मिळाला की तो तृप्त. सोडियमने चेंडू देऊन टाकायचा. दिला की तो धन आयन, घेतला की क्लोरीन ऋण आयन. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, म्हणून दोघी खटकन चिकटणार, आणि झालं मीठ.

आता माणसं चिकटवायची कशी? बाईंच्या दादाचं लाउडस्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने जुन्या स्पीकरमधली बारा जाकिटांपुरती चुंबकं काढून दिली, उत्तर ध्रुवाची बाजू लाल रंगवून, दक्षिण ध्रुवाची निळी. शिवायचं काम आईकडे.

“सोडियमच्या जाकिटांवर चारही लाल बाजू बाहेर. क्लोरीनच्या जाकिटांवर चारही निळ्या. लक्षात राहील ना?” बाईंनी तीनदा विचारलं.

“तुझ्या जन्माआधीपासून शिवतेय मी,” आई म्हणाली. “आणि बंद पाठीमागे लावते, म्हणजे पोरी मधेच सोडणार नाहीत.”

जाकिटं हातात पडली ती शनिवारी सकाळी, आई ती घेऊन सभेला आली तेव्हा, तीही कागदात गुंडाळलेली. तालीम आधीच नुसत्या चेंडूंवर झाली होती. त्यात दोन जुळ्या बहिणी, दोघी सोडियम, गालगुंड होऊन घरी बसल्या. बाईंनी घाईघाईत, रंगांकडे न बघताच, एक जाकीट स्वतः चढवलं. दुसरं हातात घेऊन त्या इकडेतिकडे बघत होत्या, तेवढ्यात पहिल्या रांगेतून अध्यक्ष उत्साहाने म्हणाले, “मोठ्या बाई आहेत की.”

मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावरची इस्त्री जराही मोडली नाही. पण अध्यक्षांना नाही कोण म्हणणार? त्या मंचावर आल्या, हात वर केले आणि आईने मागून जाकीट बांधलं. गाठ अशी, की बैल बांधला तरी सुटू नये.

सुरुवात तर अशी झाली की बाईंना गगन ठेंगणं झालं. पहिल्या सोडियमने चेंडू दिला, क्लोरीनने घेतला, दोघी एकमेकींकडे सरकल्या आणि खट. दुसरी जोडी, खट. पालक टाळ्या वाजवू लागले. बाईंचा आवाज चढला. “आता पाहा. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात. मी धन, मोठ्या बाई धन. आम्ही कितीही जवळ आलो तरी एकत्र येणं शक्यच नाही.”

आणि त्या ताडताड पुढे गेल्या.

खट.

नाकाला नाक. मोठ्या बाईंचा चष्मा बाईंच्या कपाळावर टेकला. सभागृहात असा हशा उसळला की पंखे थांबल्यासारखे वाटले. बाईंनी मागे रेटा दिला, तर मोठ्या बाईही सोबत आल्या. दोघींना सोडवायला दोन क्लोरीन धावल्या, त्या वाटेतच एकमेकींना चिकटल्या.

“अगं, मी प्रत्येक जाकिटावर डावीकडे लाल आणि उजवीकडे निळं लावलं,” आई खालून म्हणाली. “नुसतं लाल डोळ्यांना बरं दिसत नव्हतं.”

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. समोरासमोर उभं राहिलं की हिच्या लालसमोर तिचं निळं. म्हणजे कोणीही कोणालाही चिकटणार. विज्ञान चोख होतं, फक्त शिवणीत फसलं होतं.

आई मंचावर येऊन मोठ्या बाईंची गाठ सोडायला लागली. “हलू नकोस गं,” तिने मोठ्या बाईंना दटावलं. त्यांना अगं-तुगं करणारं माणूस शाळेने प्रथमच पाहिलं.

गाठ सुटेना. एवढ्या जवळून किती वेळ गप्प राहणार? मोठ्या बाईच कुजबुजल्या, “तो चेंडू देऊन टाकल्यावर सोडियमचं नुकसान होत नाही?”

“नाही हो. एकटा इलेक्ट्रॉन सांभाळत बसणं हीच त्याची कटकट. दिला की आतली भरलेली कक्षा बाहेर येते आणि तो निवांत होतो.”

“आणि मिठात एकाला एकच चिकटतो?”

“छे. सगळीकडून सहा क्लोरीन एका सोडियमला वेढतात, आणि सहा सोडियम एका क्लोरीनला. म्हणून तर खडा होतो.”

मोठ्या बाई म्हणाल्या, “मी रसायनात दोनदा नापास झाले. मला कोणी असं सांगितलं नव्हतं.” आणि आणखी हळू, “अर्ज कशाला लिहीत बसलात? खोलीत येऊन बोलायचं होतं.”

“भीती वाटायची.”

“माझी? की खुर्च्यांची?”

बाईंना हसू आलं. चिकटलेलं माणूस हसलं की दुसऱ्यालाही गदगदतं, तशा मोठ्या बाईही हसल्या. तेवढ्यात आईने गाठीवर दात लावला आणि बंद सुटला. मोठ्या बाई जाकिटातून बाहेर आल्या, रिकामं जाकीट मात्र बाईंच्या छातीला तसंच लटकून राहिलं. “खुर्च्या व्हरांड्यात राहतील,” पदर सारखा करत त्या म्हणाल्या. “प्रयोगशाळा आहे तिथेच.”

बाईंना नाचावंसं वाटलं, पण अंगावर आठ चुंबकं होती.

तेवढ्यात अध्यक्ष डोळे पुसत उठले आणि त्यांनी माइक हातात घेतला. “एवढं सुंदर प्रात्यक्षिक मी जन्मात पाहिलं नाही,” ते म्हणाले. “चुंबकत्व इतकं सोपं करून सांगणाऱ्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी कृपया मंचावर यावं.”

मागच्या रांगेत अर्धवट झोपेत असलेले भौतिकशास्त्राचे सर दचकून उठले, मंचावर आले आणि हसतमुखाने फुलांचा गुच्छ घेऊन गेले. अणुबाईंनीही टाळ्या वाजवल्या, पण छातीवरच्या दोन जाकिटांमुळे हात नीट जुळेनात.