दुधाचा शेवटचा दात

एका जंगलात, म्हणजे आपल्या नव्हे हं बाळांनो, दुसऱ्याच, चिंगळ्या नावाचं वानराचं पिल्लू होतं. झोके घेता घेता त्याने सुगरणीचं घरटं तोडलं. घरटं रिकामं होतं, तरी सुगरण चिडलीच.

पूर्वी अशा वेळी आई कान पिळायची, पोरगं गवत आणून द्यायचं आणि विषय संपायचा. पण आता जंगल सुधारलं होतं. तिथे 'अखिल जंगल बालन्याय महामंडळ' होतं. अध्यक्ष होते कासवराव, वय वर्षे दीडशे. त्यांना मुलांची फार आवड, असं त्यांनीच सांगितलं होतं.

"मुलांना आम्ही शिक्षा करत नाही, समज देतो," कासवराव म्हणाले. "पण मूल असल्याचा पुरावा हवा. तोंडात दुधाचा एक तरी दात पाहिजे. नाहीतर प्रकरण वाघोबांच्या दरबारात."

चिंगळ्याची आई गोदाक्का. तिने पोराचा जबडा उघडून दाखवला. दुधाचे पाच दात होते.

"छान. पुढच्या तारखेला या."

पुढच्या तारखेला अध्यक्ष बालकल्याणावर भाषण द्यायला टेकडीपलीकडे गेले होते. त्यापुढच्या तारखेला ते परतीच्या वाटेवर होते. त्याच्याही पुढच्या तारखेला ते वाटेवरच होते.

इकडे एकेक दात पडत होता. शेवटी एकच उरला, तोही हलणारा. गोदाक्काने पोराला पिकल्या केळ्यांवर ठेवलं.

"चावू नकोस रे राजा, नुसतं गिळ!" म्हणताना तिला रडू यायचं.

सुगरणीलाही कळवळा आला. "नव्या घरट्यातली माझी पिल्लं उडूनसुद्धा गेली हो. मी तक्रार मागे घेते."

"तसा अर्ज पुढच्या तारखेला द्या," कारकून म्हणाला.

अखेर कासवराव पोचले. नेमका तो महामंडळाचा वर्धापनदिन होता. पिल्लांना उसाची कांडकी वाटली जात होती. गोदाक्का 'नको' म्हणेपर्यंत चिंगळ्याने कचकन चावा घेतला.

दात उसातच राहिला.

"अरेरे," कासवराव हळहळले. "आता हा आमच्याकडे येत नाही."

"अहो, ऊस तुम्हीच दिलात की!"

"तो मुलांसाठी होता. याने कसा घेतला? कारकून, हेही लिहून घ्या."

वाघोबांच्या दरबारात तारखा पडत नाहीत. निकाल त्याच दुपारी लागला, जेवणाच्या वेळेला. गोदाक्का अजून त्या उसाच्या चोयट्यांत दात शोधते. मला तर सांगतानाही राग येतो.

महामंडळाच्या अहवालात त्या वर्षी लिहिलं होतं, 'बालगुन्हेगार: शून्य.' वाघोबांनी ढेकर देऊन कासवरावांचा सत्कार केला.

तात्पर्य: बाळांनो, लहानपणी चुका खुशाल करा. फक्त निकाल लागेपर्यंत मोठे होऊ नका.